शिवगंगाअक्काचं तीनधारी झाड

शिवगंगा ज्या घरात लहानाची मोठी झाली, त्या घराच्या माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, डालड्याच्या गंजक्या डब्यात एक झाड होतं. तीन धारांचं, खांबासारखं सरळ वर जाणारं, धारांवर बारीक काटे आणि काट्यांच्या बेचक्यात नखाएवढी पानं. कुणी त्याला निवडुंग म्हणायचं, कुणी तीनधारी. धोंडाबाईआत्याने ते उदगीरहून आणलं होतं. नवरा गेल्यावर ती सासर सोडून भावाकडे आली, तेव्हा तिच्या एका हातात कपड्यांचं गाठोडं होतं आणि दुसऱ्या हातात हा डबा. घरावर हे झाड असलं की वीज पडत नाही, असं तिच्या सासरी मानत. औसा तालुक्यातल्या त्या गावातही बऱ्याच जणांचं तेच म्हणणं होतं, त्यामुळे डब्याला जागा लगेच मिळाली.

"त्याला हात लावू नको," आत्या बजावायची. "चीक डोळ्यात गेला की डोळा जातो."

"कुणाचा गेला?" शिवगंगा विचारायची.

"जातो म्हन्तात."

"पर कुणाचा?"

धोंडाबाईला एकही नाव सांगता यायचं नाही. मग एके दिवशी शिवगंगाने स्वतःच बघायचं ठरवलं. बाभळीच्या काट्याने तिने झाडाची धार जराशी टोचली. पांढराशुभ्र चीक लगेच बाहेर आला, म्हशीच्या दुधासारखा दाट. एक थेंब तिने तळहातावर घेतला, एक कोपराच्या आतल्या बाजूला. तळहाताला काहीच झालं नाही. कोपराजवळ संध्याकाळी लाल चट्टा उठला आणि दुसऱ्या दिवशी फोड आले. आईने खोबरेल तेल लावता लावता भरपूर बोलून घेतलं.

"कळलं आता?" आत्याने विचारलं.

"हाव," शिवगंगा म्हणाली. "पर तळहाताला का न्हाई झालं?"

आत्याने कपाळाला हात लावला. या पोरीचं पुढं कसं होणार, असं ती भावाला नेहमी म्हणायची. भाऊ रामलिंगप्पा नुसते हसायचे.

त्र्याण्णवच्या भूकंपात ते गाव उरलं नाही. शिवगंगा आणि तिचे आईवडील तेव्हा शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे रानातल्या झोपडीत, मुक्कामाला होते. उडदाची रास खळ्यावर पडली होती आणि पावसाचा नेम नव्हता, म्हणून तिघेही रानात थांबले होते. घरी एकटी धोंडाबाई होती. गावातली घरं दगडमातीची, हातभर जाडीच्या भिंतींची. सगळ्यांनी आभाळातून येणाऱ्या विजेची काळजी केली होती, आणि जे आलं ते जमिनीखालून आलं. आत्या दुसऱ्या दिवशी सापडली. रामलिंगप्पा एकटेच गेले. लेकीला त्यांनी येऊ दिलं नाही.

त्यानंतर पत्र्याच्या शेडमध्ये दिवस सुरू झाले. ट्रक यायचे, कपडे यायचे, पाहुणे यायचे, फोटो काढणारे यायचे. प्रत्येक जण शिवगंगाला विचारायचा, कोण गेलं? ती सांगायची आणि गप्प व्हायची. सतत काहीतरी विचारणारी ही पोरगी आता कुणालाच काही विचारत नव्हती. शेडमध्ये सगळीच माणसं गप्प झाली होती, त्यामुळे ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. फक्त रामलिंगप्पांच्या आलं होतं.

संक्रांतीच्या सुमारास ते तिला घेऊन जुन्या गावात गेले. घरातली लोखंडी पेटी सापडते का ते पाहायचं होतं. गल्ली कुठली आणि घर कुठलं, हेच आधी कळेना. शेवटी उंबऱ्याच्या दगडावरून त्यांनी आपली जागा ओळखली. ते माती उकरायला लागले आणि शिवगंगा ढिगाऱ्यावर बसून राहिली. तिथेच, एका मोडक्या तुळईखाली, तिला डालड्याचा डबा दिसला. डबा चेपला होता. झाड त्यातून बाहेर पडून आडवं झालेलं, मुळं उघडी, मुळांना चिमूटभर माती. एक फांदी तुटून बाजूला पडली होती. आणि झाड हिरवं होतं. नुसतं हिरवं नाही, तर आडव्या पडलेल्या खोडाचं टोक वळून वर निघालं होतं, त्याला नवी कोवळी पानं होती.

"अप्पा," शिवगंगा म्हणाली, "याला पानी कुनी घातलं असंल?"

"कोन घालनार माय? गावात मानूसच न्हाई."

"मग हे जिंदा कसं?"

रामलिंगप्पांनी कुदळ खाली ठेवली. भूकंपानंतर लेकीने आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता. त्यांनी पेटीचा शोध सोडला, झाड डब्यासकट उचललं आणि छातीशी धरून शेडवर आणलं. उचलताना खरचटलेल्या जागेतून निघालेला चीक त्यांच्या सदऱ्याला लागला, त्याचा डाग शेवटपर्यंत गेला नाही.

शेडमधल्या बायांना हे पटलं नाही. एवढं सगळं झालं, त्यात आणि काटेरी झाड दारात कशाला, असं त्या म्हणाल्या. रामलिंगप्पांनी एवढंच सांगितलं, "धोंडाचं हाय. ऱ्हाऊ द्या."

पुढे सरकारने दूर माळावर नवं गाव वसवलं. सिमेंटची एकसारखी घरं, रुंद सरळ रस्ते. शिवगंगा दहावी झाली आणि अकरावीला लातूरला आली. त्या काळात लातूरचं नाव राज्यभर गाजू लागलं होतं. गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकत होती, आणि खेड्यापाड्यांतले आईबाप मुलामुलींना घेऊन तिथे येत होते. शिवगंगाचे मार्क चांगले होते, त्यामुळे तीही डॉक्टर होणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं.

कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमना तिने पहिल्याच महिन्यात आपला जुना प्रश्न विचारला. पाण्याशिवाय हे झाड जगलं कसं? मॅडमनी झाडाचा एक तुकडा आणायला सांगितला. तो बघून त्या म्हणाल्या, "हा कॅक्टस नाही बरं का. कॅक्टसला असा पांढरा चीक नसतो. हे एरंडाच्या कुळातलं आहे." कॅक्टस अमेरिकेकडचे आणि ही मंडळी आफ्रिका-आशियाकडची. दोघांचं जवळचं नातं नाही. पण दोघांनाही कोरड्या जागी राहायचं होतं, म्हणून दोघांनी पानं बारीक केली, खोड जाड केलं आणि खोडातच पाणी साठवलं. शिवाय हे झाड दिवसा आपली छिद्रं मिटून घेतं आणि रात्री गारव्यात उघडतं, म्हणजे पाणी उडून जात नाही.

शिवगंगा वसतिगृहावर पोचली तेव्हा तिला जेवणाची आठवण नव्हती. दिवसभर श्वास धरून बसणारं झाड. त्या ढिगाऱ्यावर ती त्याच्याकडे बघत होती, तेव्हाही ते श्वास धरूनच होतं.

बारावीत मेडिकलला थोडे मार्क कमी पडले. त्याचं कारण साधं होतं. एखादा प्रश्न आवडला की ती त्यातच रमायची आणि पुढचे प्रश्न राहून जायचे. नातेवाईक हळहळले. तिला स्वतःला फार वाईट वाटलं नाही, कारण वनस्पतिशास्त्र घ्यायला आता कुणी अडवणार नव्हतं. एम.एस्सी. झाल्यावर ती लातुरातच एका खासगी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवू लागली. ट्यूशन एरियात तेव्हा दर वर्षी नवी इमारत उठत होती आणि प्रत्येक भिंतीवर पास झालेल्या पोरांचे फोटो लागत होते. मुलं तिला मॅडम न म्हणता अक्का म्हणत. लग्न जमलं नाही आणि त्या बाबतीत तिला फारसं कुतूहलही नव्हतं. आई गेल्यावर रामलिंगप्पा शेत बटईने लावून लेकीजवळ राहायला आले. वरच्या मजल्यावर बापलेक, खालच्या खोल्यांत क्लासच्या काही मुली, आणि गच्चीवर त्या एका झाडापासून झालेली कितीतरी झाडं, असा तिचा संसार होता.

लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात गल्लीतल्या सगळ्या कुंड्या वाळून गेल्या. अक्काच्या गच्चीवरची तीनधारी मात्र जशीच्या तशी होती. मुलींना त्याचं नवल वाटलं. एकीने फांदी मागून नेली आणि योगायोगाने त्याच वर्षी तिचा नांदेडच्या मेडिकल कॉलेजला नंबर लागला. झालं. दुसऱ्या वर्षी आणखी दोघींचा लागला. मग त्या झाडाला 'एमबीबीएसचं झाड' असं नाव पडलं. खिडकीत ते असलं की सीट पक्की. अक्काला हसू यायचं, पण फांदी मागणाऱ्या मुलीला ती नाही म्हणायची नाही. फांदी स्वतः कापायची, चीक आटेपर्यंत राखेत ठेवायची, आणि देताना प्रत्येकीला सांगायची की हात धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत.

त्यानंतरच्या एका वर्षी खालच्या खोलीत वैष्णवी राहायला आली. लोह्याजवळच्या गावची, शेतकऱ्याची मुलगी. नीटची परीक्षा एकदा देऊन झाली होती, आता दुसरं वर्ष. ती अभ्यासाला बसली की उठायची नाही आणि कुणाशी फार बोलायचीही नाही. वर मात्र रोज यायची, पण अक्काकडे नाही, रामलिंगप्पांकडे. दोघांचं बोलणं म्हशीवर चालायचं. तिच्या घरची म्हैस गाभण होती, लहानपणापासून हिनेच सांभाळलेली. कडबा किती घालायचा, सरकी द्यायची की पेंड, असलं काहीबाही ते तासन्‌तास बोलत.

जानेवारीतल्या एका दुपारी अक्का क्लासवरून जेवायला घरी आली, तर नळापाशी मुलींचा घोळका. मधोमध वैष्णवी दोन्ही डोळे गच्च मिटून बसली होती. झाडाचा चीक गेला, असं कुणीतरी सांगितलं. अक्काने पाइप लावून तिचे डोळे धुतले, धुतच राहिली, आणि मग रिक्षात घालून तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. लगेच धुतलं ते फार बरं झालं, असं डॉक्टर म्हणाले. बुबुळाला सूज होती. थेंब दिले, पट्ट्या बांधल्या. उद्या जास्त दुखेल, घाबरू नका, आठवडाभरात निवळेल, असं त्यांनी सांगितलं. तसंच झालं. दुसऱ्या दिवशी तिचा चेहरा सुजून गेला. अक्काने तिला वर आपल्या खोलीत आणलं आणि खिडक्यांना चादरी लावल्या. लोह्याला फोन केला, वडील श्रीमंतराव सकाळच्या गाडीने निघतो म्हणाले.

रविवारी क्लासची मोठी टेस्ट होती, तिच्या मार्कांवर बॅचा बदलणार होत्या. टेस्टसाठी म्हणून वैष्णवी फांदी तोडायला गेली आणि चीक उडाला, असं मुली सांगत होत्या. अक्कालाही ते खरं वाटलं होतं. पण श्रीमंतराव यायच्या दिवशी सकाळी ती गच्चीवर गेली, तर एकाही झाडाची फांदी मोडलेली नव्हती. तिने सगळ्या कुंड्या पाहिल्या. जुन्या मोठ्या झाडाच्या एका धारेला टोचल्याची बारीक खूण होती आणि तिच्याखाली वाळलेल्या चिकाचा ओघळ.

अक्का तिथेच खाली बसली. फांदी हवी असलेली मुलगी फांदी मोडते. नुसतं टोचून काय मिळतं? फक्त चीक. आणि उडालेला चीक दोन्ही डोळ्यांत सारखा कसा जाईल? तो गालावर उडेल, नाकावर उडेल. हिच्या पापण्यांच्या कडाच तेवढ्या भाजल्या होत्या, काजळ घातल्यासारख्या.

ती खाली येऊन वैष्णवीजवळ बसली.

"टाचणीने टोचलंस का गं?"

वैष्णवीने तोंड भिंतीकडे वळवलं. मग म्हणाली, "कर्कटकाने."

"आणि बोटाने लावलंस."

"हो."

अक्काच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि न कळलेलं तसंच सोडून देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "मला सांग ना," ती म्हणाली, "तुला नेमकं काय व्हायला हवं होतं?"

"डोळे आल्यासारखे दिसायला पाहिजे होते. शेजारच्या होस्टेलवरच्या एकीचे आले, तर तिला आठ दिवस घरी पाठवलं." वैष्णवीने पट्टी चाचपली. "मला कधी तापच येत नाही, अक्का. मी गार पाण्याने अंघोळ केली, ओल्या केसांनी बसले. शिंकसुद्धा आली नाही. तुम्ही सांगितलं होतं डोळ्याला लावू नका, पण इतकं होईल असं वाटलं नव्हतं."

"घरी जाऊन काय करणार होतीस?"

"काही नाही. म्हैस व्यायला झाली असेल."

अक्का तिच्याकडे पाहत राहिली. ही मुलगी रोज जिना चढून वर येत होती, ते म्हशीबद्दल बोलायला. आणि आपल्याला एकदाही वाटलं नाही की विचारावं, हिला काय हवंय. गच्चीवरच्या झाडाला नवं पान फुटलं तरी आपल्याला कळतं. मुली मात्र दर वर्षी येतात आणि जातात, त्यांना आपण हात धुवायला तेवढं सांगतो.

"वडलांना सांगू नका," वैष्णवी म्हणाली.

"मी सांगणार नाही," अक्का म्हणाली. "ते मला विचारतील, तेव्हा खोटंही बोलणार नाही. तू ठरव."

श्रीमंतराव दुपारी आले. उंच, उन्हाने रापलेला माणूस, खांद्याला पिशवी. लेकीच्या डोळ्यांवरच्या पट्ट्या बघून ते दारातच थांबले. मग त्यांचा सगळा राग झाडावर निघाला.

"असलं झाड घरात कशापायी ठेवायलाव, बाई? लोकांच्या लेकरायचे डोळे जायची वाट बघायलाव का? उपटून फेका ते."

रामलिंगप्पा काही बोलायला उठले, पण अक्काने त्यांना हाताने थांबवलं. ती खाली मान घालून उभी राहिली. शेवटी पलंगावरून आवाज आला.

"बाबा, झाडानं न्हाई केलं. म्याच लावून घेतलं."

"का?"

"घरी यायचं होतं."

श्रीमंतराव पलंगाच्या कडेला बसले. एकदा त्यांनी पिशवी उघडली, परत बंद केली. लेकीचा हात हातात घेतला आणि मग अगदी हळू विचारलं, "लई आग झाली का माय?"

"लई," वैष्णवी म्हणाली.

"सांगायचं की मग. मी आलो असतो न्यायला."

"तुम्ही म्हणले असते, एवढं वरीस काढ."

आणि ते तसंच म्हणाले असते. थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हैस परवा व्याली. रेडी झाली. कपाळावर चांदवा हाय."

पट्ट्यांखालून वैष्णवीच्या गालावर पाणी आलं. डोळ्यांना झोंबत होतं तरी ती हसत होती. रामलिंगप्पा पुढे सरकले आणि त्यांनी विचारलं, "पहिलं दूध पाजलं का वेळेवर?" मग दोघे बाप म्हशीच्या बाळंतपणावर बोलत बसले आणि अक्का चहा ठेवायला आत गेली.

डोळे निवळल्यावर श्रीमंतराव तिला गावाकडे घेऊन गेले. फेब्रुवारी तिने घरीच काढला. मार्चमध्ये ती आपणहून परत आली. खोलीत आल्यावर आधी वर गेली आणि रामलिंगप्पांना रेडीचे फोटो दाखवले. परीक्षेत तिला एमबीबीएसपुरते मार्क पडले नाहीत. ते घरच्यांनी मनाला लावून घेतलं, काही दिवस तिच्याशी नीट बोलले नाहीत. मग दुसऱ्या यादीत उदगीरच्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात तिचं नाव आलं आणि ती तिकडे गेली. कडक उन्हात तिचे डोळे अजून चुरचुरतात, बाहेर पडताना ती काळा चष्मा लावते.

इकडे अक्काने मोठी झाडं गच्चीवरून काढून आपल्या खोलीबाहेर, कुलूप लावता येईल अशा जागी नेली आणि फांद्या देणं बंद केलं. त्या वर्षीच्या मुली नाराज झाल्या. एकीच्या आईने तर पुण्याहून फोन केला की तेवढी एक फांदी द्या, तुमच्याशिवाय कुठे मिळणार. अक्काने नाही म्हटलं. त्याऐवजी रविवारी दुपारी खालच्या मुलींना वर जेवायला बोलवायची पद्धत तिने सुरू केली. सुरुवातीला कुणी बोलायचं नाही, सगळ्या चटचट जेवून पळायच्या. पण अक्का विचारायची थांबली नाही. घरी कोण कोण आहे, आजी कुठली, अंगणात काय आहे. उत्तर आलं की पुढचा प्रश्न तयार. हळूहळू मुलींना सवय झाली. त्यांतल्या दोघींना तिने स्वतः त्यांच्या घरी नेऊन सोडलं, टेस्टच्या आदल्या आठवड्यात. क्लासच्या संचालकांनी तिला त्याबद्दल बोलावून विचारलं, तेव्हा तिने शांतपणे कारण सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण तिला सोडायचीही त्यांची तयारी नव्हती.

रामलिंगप्पा करोनाच्या आधीच्या वर्षी गेले. शेवटपर्यंत ते वैष्णवीच्या फोनची वाट बघायचे.

वैष्णवी अजूनही फोन करते. गेल्या हिवाळ्यात तिने अक्काला एक गोष्ट विचारली. उदगीरजवळच्या एका वस्तीवर तिने शेळीला शेराच्या कुंपणाला तोंड लावताना पाहिलं होतं. शेर म्हणजे त्याच कुळातला, तसाच पांढऱ्या चिकाचा. शेळीने दोनचार कोंब खाल्ले आणि निघून गेली, तिला काहीच झालं नाही. "असं कसं, अक्का?"

अक्काला माहीत नव्हतं. तिने चार ठिकाणी वाचलं, कुठे हो होतं, कुठे नाही. मग तिने क्लासला अर्ध्या दिवसाची सुटी टाकली आणि औशाच्या रस्त्याला, जिथे शेराची कुंपणं अजून टिकून आहेत, तिथे गेली. चांगुणाबाई नावाची एक म्हातारी तिथे शेळ्या चारत होती. अक्काने तिला विचारलं, शेळ्या शेर खातात का, किती खातात, खाल्ल्यावर पाणी पितात का, सगळ्याच खातात की एखादीच?

चांगुणाबाई तिच्याकडे बघत राहिली. "मला काय ठावं बाई," ती म्हणाली. "शेळीलाच इचारा की."

अक्काने चप्पल नीट पायात सरकवली, पदर खोचला आणि ती कळपाच्या मागोमाग चालू लागली.